मामांनी गोळी बंद केली, एका मेसेजमुळे

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झाली. गेल्या महिन्यात त्यांनी दहा दिवस स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेतलीच नाही, आणि तेही मला मामीकडून कळलं. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज: 'कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातली जीवनसत्त्वं मारते. ती सोडा, व्हिटॅमिन ई, सी आणि नायसिन घ्या. रक्तवाहिन्या आपोआप साफ होतील. डॉक्टर हे सांगणार नाहीत.'

डॉक्टरांनी हे कधीच तपासून सांगितलंय. ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त हृदयविकार, मधुमेह वगैरे जोखीम असलेले २०,५३६ लोक होते. काहींना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं, काहींना ई, सी आणि बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही, तर काहींना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. पाच वर्षं. म्हणजे मेसेज ज्या दोन गोष्टींची तुलना करतो, त्या एकाच चाचणीत तपासल्या गेल्या. २००२ मध्ये निकाल आले. स्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना साधारण एक चतुर्थांशाने घटल्या. जीवनसत्त्वांनी काहीच फरक पडला नाही. गोळ्या अंगी लागल्या नाहीत, असंही म्हणायची सोय नाही, कारण रक्तातलं व्हिटॅमिन ई जवळपास दुप्पट झालं होतं. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल? ते जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत किंचित वाढलंच! ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे त्याला 'गोळी सोडा' म्हणणं हा नुसता अडाणीपणा नाही, यात माणूस जाऊ शकतो.

नायसिनने, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाने, कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, हे खरं. पण त्यासाठी ग्रॅमच्या हिशेबात डोस लागतो आणि त्याचा यकृताला त्रास होऊ शकतो. पंचवीस हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला नायसिन देऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. उलट मधुमेह आणि रक्तस्राव वाढले.

'जीवनसत्त्वं मारते' यात अर्धं सत्य आहे, पण ते दुसऱ्याच औषधाचं. आतड्यात पित्ताम्ल बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचं शोषण कमी करू शकतं. स्टॅटिन तसं काम करत नाही. ड कमी असेल तर अंग दुखतं, हेही मान्य. तपासा, कमी असेल तर घ्या. पण स्टॅटिनमुळे होणारी स्नायूदुखी ड घेऊन टळते का, हे दोन हजारांवर लोकांत पाहिलं गेलं. घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत तक्रारी सारख्याच निघाल्या.

मेसेजच्या शेवटी 'नैसर्गिक' म्हणून रेड यीस्ट राईसची, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाची शिफारस आहे. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, म्हणजे पुन्हा स्टॅटिन, फक्त डोसचा भरवसा नसलेलं. चालू गोळीसोबत ते घेतलं तर स्टॅटिनवर स्टॅटिन होतं.

मामांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. पाय दुखतात म्हणून मेसेज पटला, असं ते आता सांगतात. ते दुखणं डॉक्टरांच्या कानावर घालायचं आहे. पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे, आणि कपाटातल्या सगळ्या डब्याही घेऊन.