साखर आधीच सांगायची असते

इस्तंबूलमधल्या एका घरी बकलावा आणि तुर्की कॉफी शिकल्याचा तुमचा अनुभव आवडला. कॉफीचा भाग मात्र घाईत उरकलात, म्हणून थोडी भर घालते.

पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, गार पाणी आणि साखर लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, म्हणजे जेझवेत, एकत्रच चढवतात. वरून साखर नाहीच. म्हणून यजमानीण आधीच विचारते: सादे (बिनसाखरेची), ओर्ता (मध्यम गोड) की शेकेरली (गोड)? आच मंदच हवी. फेस वर आला की तो चमच्याने प्रत्येक कपात थोडा थोडा घालायचा, मग उरलेली कॉफी ओतायची. खळखळून उकळली की फेस गेलाच! सोबत पाण्याचा पेला, आणि गाळ तळाशी बसेपर्यंत धीर. ही परंपरा २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ते योग्यच झालं.

बकलाव्याचे पापुद्रे घरी लाटणं नवशिक्याला जड जातं. त्यापेक्षा इरमिक हेलवासी शिकावा: रवा आणि चिलगोजे लोण्यात खमंग भाजून त्यात गरम दूध-साखर. आपल्या शिऱ्याचा सख्खा भाऊच. पण तिकडे घरात कुणी वारलं तरी हा हलवा करून शेजारीपाजारी वाटतात. तुमच्या यजमानीणबाईंनी तो केला होता का? असल्यास कृती जरूर द्या.