नर्मदेच्या पाण्याला आरओ कशाला?

पाण्यातले क्षार गाळणाऱ्या आरओ यंत्रांवरच्या तुमच्या लेखातलं ‘प्रत्येक घरात आरओ हवाच’ हे वाक्य काही पटलं नाही. आम्ही इंदूरचे, नळाला नर्मदेचं पाणी. दुकानदाराच्या आग्रहाला भुलून आरओ बसवला. पुढे भाच्याने नळाच्याच पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला, तर आकडा २३०! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. जंतूंसाठी साधं यूव्ही (अतिनील किरणांचं) यंत्र पुरलं असतं की! वर एक हंडा गाळायला दोन-तीन हंडे मोरीत. सासूबाई त्यात फरशी उरकतात, तरी बादली भरलेलीच.

हां, बोरिंगचं जड पाणी असेल तर गोष्ट वेगळी. लेखात एवढा फरक तरी करायचा होता.