सूर्यग्रहण फक्त पृथ्वीवरच? अजिबात नाही

गेल्या आठवड्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. “सगळ्या सूर्यमालेत सूर्यग्रहण फक्त पृथ्वीवरून दिसतं. मंगळाचे चंद्र इतके छोटे की तिथे ग्रहण होतच नाही. खग्रास तर दुसरीकडे कुठेच नाही, कारण फक्त आपलेच सूर्य-चंद्र आकाशात तंतोतंत एकाच आकाराचे दिसतात, केसाचाही फरक नाही.” वर्तकनगरच्या मामांनीही काल तोच पाठवला. ग्रुपवरचं घरातली मुलंही वाचतात, म्हणून हे उत्तर.

आधी मंगळ. तिथली ग्रहणं यानांनी मंगळावर उभं राहून टिपली आहेत. 2013 मध्ये क्युरिऑसिटीने फोटो काढले. 2 एप्रिल 2022 ला जेझेरो विवरातून पर्सिव्हिअरन्सने व्हिडिओच घेतला. तो जरूर पाहा. फोबोस हा मंगळाचा मोठा चंद्र; मोठा म्हणजे लांबीला जेमतेम 27 किलोमीटर, आणि बटाट्यासारखा वेडावाकडा. सूर्यबिंबाच्या एका कडेने तो काळा तुकडा आत शिरतो आणि चाळीसेक सेकंदांत दुसरीकडून बाहेर पडतो. त्याच्या कडेचे उंचवटेसुद्धा दिसतात! एवढासा असून तो इतका सूर्य झाकतो, कारण तो जमिनीपासून फक्त 6,000 किलोमीटरवर आहे. आपला चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर. फोबोस 7 तास 39 मिनिटांत फेरी मारतो, मंगळाच्या दिवसापेक्षा कितीतरी लवकर, त्यामुळे तिथे तो पश्चिमेला उगवतो.

डायमोस हा मंगळाचा दुसरा चंद्र मात्र सूर्यावर ठिपक्याएवढाच दिसतो. त्याला अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून नुसतं सरकत जाणं, म्हणणंच बरं. मंगळावर खग्रास होत नाही, हेही खरं. बुध-शुक्राला तर चंद्रच नाहीत.

पण खग्रास “कुठेच नाही” हे साफ चूक. गुरूला उभं राहायला जमीन नाही, तरी ढगांच्या माथ्यावरून पाहिलं तर आयो हा चंद्र सूर्याच्या सहापट रुंद दिसेल. युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो हेही सूर्यापेक्षा मोठेच दिसतील. चौघेही सूर्य पूर्ण झाकू शकतात. त्यांच्या सावल्या गुरूवर पडतात तेव्हा सहा इंची दुर्बिणीतून ठाण्याच्या गच्चीवरूनही तो काळा ठिपका सरकताना दिसतो.

राहिला “केसाचाही फरक नाही”. 26 डिसेंबर 2019 आठवतंय? आमच्याकडे खंडग्रास होतं. आईने भजी तळायचा झारा गच्चीच्या कठड्यावर धरला आणि पलीकडे टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोर उमटली. शेजारच्या मुलांनी त्या मोजायला घेतल्या. त्याच वेळी केरळात कन्नूरला सूर्याची बांगडी दिसत होती, कंकणाकृती. चंद्र सूर्याएवढाच दिसत असता तर ती बांगडी उरलीच नसती. त्याचं अंतर साधारण 3,56,000 ते 4,06,000 किलोमीटरमध्ये बदलतं. जवळ असेल तर खग्रास, लांब असेल तर कंकणाकृती.

मात्र पृथ्वीवरच्या खग्रासाचं मोल मला कमी करायचं नाही. चंद्र सूर्याला जेमतेम पुरतो, म्हणून सूर्याचा प्रभामंडल (कोरोना, म्हणजे सूर्याभोवतीचं वायूंचं फिकट तेजोवलय) इथे चहूबाजूंनी एकदम उघडा पडतो. पण हा मेळ कायमचा नाही. चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर दूर जातोय. मंगळावर याच्या उलट चाललंय. फोबोस शतकाला सुमारे 1.8 मीटर जवळ येतोय आणि तिथल्या सूर्याचा थोडा थोडा जास्त घास घेतोय.