पंधरा कोटींचं जेट आणि साडूभाऊंची डायरी

महिनाभरात हा एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. सातवा माझा इचलकरंजीचा साडू. त्याने खाली स्वतःची ओळ जोडली होती: "साडूभाऊ, तुमची लाईन आहे, बघा जरा." म्हणून बघतो.

मजकूर थोडक्यात असा: "पुण्यातल्या बंगल्याच्या किमतीत स्वतःचं जेट! सेकंड-हँड सेसना सायटेशन मस्टँग फक्त १५ कोटी. एकच पायलट लागतो. छोट्या धावपट्टीवर चालतं, अगदी जुहूलाही. मुंबई-दुबई नॉनस्टॉप. इंधन तासाला फक्त ३५ हजार. आपण वापरत नसू तेव्हा भाड्याने द्या, विमान स्वतःचा खर्च स्वतः काढतं."

खासगी विमानांच्या डिस्पॅचच्या टेबलावर मी वीसेक वर्षं काढली. इंधन किती भरायचं, माणसं किती बसवायची, कुठे उतरायचं, रात्री विमान कुठे ठेवायचं, हे ठरवण्यात. मस्टँगशी माझं भांडण नाही. २००६ मध्ये प्रमाणपत्र मिळालेलं, २०१७ पर्यंत बनत असलेलं हे गुणी विमान आहे. भांडण मेसेजशी आहे, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य निम्मं खरं आहे.

"फक्त १५ कोटी." वीस लाख डॉलरच्या आतबाहेर मस्टँग मिळतं, हे खरं. पण एकाच वर्षी बनलेल्या, सारख्याच तास उडालेल्या दोन विमानांच्या किमतीत मोठा फरक दिसला, तर आधी इंजिनांचे कागद मागावेत. शहाणा मालक दर उड्डाणतासामागे ठरलेली रक्कम इंजिन कंपनीच्या योजनेत भरत जातो आणि ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची वेळ आली की खर्च त्यातून निघतो. मस्टँगच्या इंजिनांना ती वेळ ३,५०० तासांनी येते. ज्याने हप्ते भरलेच नाहीत, त्याचं विमान स्वस्त दिसतं. ते स्वस्त नसतं, आधीच्या मालकाची उधारी तुमच्या नावावर चढलेली असते.

आणि कर? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे, आधी तो २८ टक्के अधिक उपकर असा होता. आयातीवरही तोच लागतो. म्हणजे पंधरावर सहा कोटी इथेच गेले. भाड्याने चालवायच्या विमानाला ५ टक्के, म्हणून "कागदावर चार्टर दाखवू, वापरू आपणच" असा सल्ला देणारे भेटतील. त्याच वाटेने गेलेल्या कंपन्यांना कस्टम्सने पूर्वी नोटिसा दिल्या आहेत आणि प्रकरणं ट्रिब्युनलपर्यंत पोचली आहेत.

विकताना काय होतं, तेही बघा. उदाहरण हलक्या जेटचं नाही, पण मुंबईतलं आहे. विजय मल्ल्यांचं एअरबस ए-३१९ सेवाकराच्या थकबाकीपोटी लिलावाला निघालं तेव्हा राखीव किंमत होती १५२ कोटी. गिऱ्हाईक मिळेना. अखेर २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना गेलं. तोवर ते विमानतळाची जागा अडवून उभंच होतं.

"एकच पायलट लागतो." मस्टँग, होंडाजेट, फेनम १००, अगदी फेनम ३०० सुद्धा एका वैमानिकाने उडवण्यासाठी प्रमाणित आहेत. ही सोय मुळात स्वतः विमान उडवणाऱ्या मालकासाठी. अमेरिकेत असे मालक पुष्कळ. आपल्याकडचा मालक मागे बसून फोनवर असतो. प्रवाशांना भाड्याने न्यायचं तर पुढे दोघं बसतात, आणि खासगी वापरातही विमा कंपनी दुसऱ्याबद्दल विचारतेच. एक आजारी पडला, एकाच्या ड्युटीचे तास संपले, म्हणून प्रत्यक्षात तीन तरी हाताशी ठेवावे लागतात. तिघांनाही याच विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे हेच मॉडेल उडवायची परवानगी हवी आणि ते टिकवायला सिम्युलेटरच्या फेऱ्या, बहुधा परदेशात.

"छोट्या धावपट्टीवर चालतं, अगदी जुहूलाही." इथे जरा थांबतो, कारण माझं अर्ध आयुष्य या गणितात गेलं.

माहितीपत्रकात मस्टँगला उड्डाणासाठी सुमारे ३,१०० फूट लागतात असं छापलेलं असतं. तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा. पुण्याची धावपट्टी साधारण १,९४० फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की पंखांना आणि इंजिनांना आपण सुमारे ५,४०० फुटांवर आहोत असं वाटतं. कळसूबाईचं शिखर बरोबर तेवढंच उंच आहे. म्हणजे लोहगावात उभं असलेलं विमान हिशेबापुरतं कळसूबाईच्या माथ्यावरून उडत असतं. लोहगावची पट्टी लांब आहे, निभावतं. पण हाच हिशेब एखाद्या तालुक्याच्या आखूड पट्टीवर मांडला की माणसं तरी उतरवावी लागतात, नाहीतर इंधन.

आता जुहू. धावपट्टी साधारण ३,७५० फूट. मस्टँगला उतरायला सुमारे २,४०० फूट पुरतात, मग अडचण काय? अडचण ही, की भाड्याने चालणाऱ्या जेटला उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे असा दंडक आहे. २,४०० ला त्याने भागा: ४,००० फूट हवेत. ओल्या पट्टीसाठी आणखी १५ टक्के, म्हणजे ४,६००. जून ते सप्टेंबर जुहू कोरडं कधी असतं, ते विलेपार्ल्याच्या माणसाला विचारा. जुहूवर जेट उतरल्याची एक गोष्ट खरी आहे: १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून तिथे उतरलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुन्हा कधी उडालं नाही. आज तिथे प्रामुख्याने हेलिकॉप्टरं असतात.

म्हणजे उतरायचं मुंबईच्या मोठ्या विमानतळावर. गर्दीच्या तासांत छोट्या विमानांना तिथे मज्जाव, एरवी स्लॉट, म्हणजे उतरायची ठरवून दिलेली वेळ मिळाली तर. रात्री उभं करायला जागा नसली की विमान साहेबांना उतरवतं आणि रिकामंच दुसऱ्या गावी मुक्कामाला जातं, सकाळी रिकामंच परत येतं. छोट्या गावांत वेगळं दुखणं, तिथले वॉच अवर्स, म्हणजे कामकाजाचे तास संपले की विमानतळ बंद. लग्नात जेवण लांबलं म्हणून कोणी थांबत नाही.

"मुंबई-दुबई नॉनस्टॉप." मस्टँगचा पल्ला राखीव इंधन धरून साधारण १,१५० सागरी मैल. मुंबई-दुबई सरळ रेषेत १,०४० च्या आसपास. कागदावर पोचलो. पण हिवाळ्यात त्या वाटेवर वरच्या हवेत पश्चिमेचे वारे असतात. समोरून ६० नॉटचा, म्हणजे तासाला ६० सागरी मैलांचा वारा धरा. विमानाचा वेग ३४०, उरले २८०. प्रवास पावणेचार तासांच्या जवळ जातो, आणि तेवढ्या वेळात विमान हवेतून कापतं सुमारे १,२६० मैल. पल्ला १,१५० चा! मधे मस्कतला उतरून इंधन घ्यावंच लागेल. परतताना तोच वारा पाठीशी असतो, तेव्हा नॉनस्टॉप या, फोटो काढा.

हा पल्लाही टाकी पूर्ण भरल्यावरचा. टाकी भरली आणि एक वैमानिक बसला की जेमतेम २७० किलो उरतात. दुसरा वैमानिक बसला की १९०. दोन धट्टीकट्टी माणसं आणि त्यांच्या बॅगा, संपलं. "सहा सीटर" म्हणजे सहा खुर्च्या, हे गिऱ्हाइकाला समजावताना मी किती घसा कोरडा केलाय.

दुबई हा ज्याचा नेहमीचा रस्ता आहे, त्याने सायटेशन सीजे३ प्लस किंवा फेनम ३००ई बघावं. त्यांचा पल्ला २,००० सागरी मैलांच्या वर आहे. पण तिथे १५ कोटींची भाषा विसरा, नवं फेनम एक कोटी डॉलरच्या वर जातं.

"इंधन तासाला फक्त ३५ हजार." जवळपास बरोबर. तासाला ३८० लिटर, लिटरला ९० रुपये धरा. फक्त, विमान महिनाभर जमिनीवर असलं तर हा खर्च शून्य होतो. वैमानिकांचे पगार, हँगर, विमा आणि नकाशांच्या डेटाची वर्गणी होत नाही.

"भाड्याने द्या, स्वतःचा खर्च काढतं." खासगी वर्गात नोंदलेलं विमान भाड्याने देताच येत नाही. त्यासाठी डीजीसीए या सरकारी विमान-नियामकाचा एनएसओपी, म्हणजे वेळापत्रकाविना भाड्याने विमान चालवायचा परवाना लागतो, आणि परवान्यासोबत जबाबदार अधिकारी, सुरक्षा, देखभाल अशी अख्खी यंत्रणा. एका विमानासाठी ती उभारणं म्हणजे एका म्हशीसाठी डेअरी काढणं. म्हणून विमान दुसऱ्या परवानाधारकाकडे द्यायचं. मग ते त्याच्या वेळापत्रकाने चालतं.

गिऱ्हाईक येतं कधी? निवडणुकीत, लग्नाच्या दाट मुहूर्तांना, लांबच्या सुट्टीत. नेमकं तेव्हाच मालकालाही हवं असतं. गिऱ्हाइकाला नांदेडला सोडलं की परतीचं उड्डाण रिकामं. शिवाय भाड्याचा प्रत्येक तास इंजिनाच्या हप्त्यात आणि विमानाच्या वयात मोजला जातोच. भाडं खर्चाला हातभार लावतं, हे मान्य. पण नुसत्या भाड्यावर पोसलं गेलेलं एकही हलकं जेट माझ्या टेबलावरून गेलेलं नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. मुंबई-नागपूर सुमारे ३७५ सागरी मैल. किंग एअर सी-९० सारख्या टर्बोप्रॉपपेक्षा, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या इंजिनांच्या आणि आखूड पट्टीवरही चालणाऱ्या विमानापेक्षा, मस्टँग तिथे पाऊण नाही, पाव तास आधी पोचतं. त्या पाव तासासाठी आखूड पट्ट्या सोडायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत टर्बोप्रॉपच्या बाजूने, आणि वर्षाला शे-दीडशे तासही उडणं नसेल तर सरळ चार्टरच्या.

साडूने हे सगळं फोनवर ऐकलं आणि विचारलं, "मग घेऊ कुठलं?" म्हटलं, गेल्या वर्षी कुठेकुठे गेलात ते पाठवा. त्याने ड्रायव्हरच्या डायरीचे फोटो पाठवले. एकूण २६ प्रवास. त्यातले १९ मुंबई, पुणे, सोलापूर, हुबळी. चार सुरत. दोन दिल्ली. एक दुबई, थोरलीच्या साखरपुड्याच्या खरेदीला. त्या एका प्रवासात अकरा माणसं होती.