चा, ची, चे

गेल्या रविवारी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये, चाळीस-पन्नास अनोळखी माणसांच्या देखत, माझ्या टकलावर गुलाबी प्लास्टिकचा मुकुट चढवण्यात आला आणि त्याचा एक दात लागून कानामागची जागा अजून हुळहुळते आहे. काम तसे साधे होते. पाच वर्षांच्या भाचीने दारावरची घंटा, भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट उघडून पाहिल्यावर, तिच्या हाती खरा स्क्रू ड्रायव्हर लागण्यापूर्वी खेळण्यातला द्यावा असे माझ्या बहिणीने ठरवले आणि तो आणण्याचे काम मामा या नात्याने माझ्याकडे आले.

दुकानाच्या दारातच तो उभा होता. वय असेल बावीस-तेवीस; कानाला अडकवलेला माईक, कमरेला ध्वनिक्षेपक, आणि चेहऱ्यावर आनंद असा, की याला आत्ताच मुलगा झाल्याचा फोन आला असावा असे वाटावे.

"वेलकम सर! बॉय की गर्ल?"

"पाच वर्षांची आहे," मी म्हणालो.

खोक्यावर वय छापलेले असते, तेव्हा वय तेवढे सांगावे आणि पुढचे सांगू नये, असा माझा बेत होता. पण षष्ठीच्या प्रत्ययाने घात केला. इंग्रज माणूस 'फाइव्ह' म्हणून निसटून जातो; आम्हाला चा, ची, चे यांतले काहीतरी एक लावल्यावाचून वाक्यच पुरे करता येत नाही.

"वॉव! गर्ल! प्रिन्सेस आली रे!" ही घोषणा ध्वनिक्षेपकातून सरकत्या जिन्यापर्यंत गेली. त्यानंतर मला गुलाबी रांगेत नेण्यात आले. तिथे शिरताच त्याचा आवाज पाकातून काढलेल्या जिलबीसारखा झाला. पंखांचा घोडा, घोड्याचा कंगवा, कंगव्याची पेटी आणि त्या पेटीचा आरसा अशी वंशावळ त्याने टाळ्या वाजवत मांडली आणि प्रत्येक वस्तूला "सो क्यूट!" म्हटले. मग तो फुगे सोडणारे एक यंत्र घेऊन शेजारच्या निळ्या रांगेत गेला आणि तिथे घाट चढणाऱ्या ट्रकच्या सुरात ओरडला, "ब्लास्टर! दुश्मन खतम!" यंत्र तेच, साचा तोच, साबणाचे पाणीही तेच. निळ्याची किंमत 699 रुपये, गुलाबीची 799. शंभर रुपये कशाचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, त्यात फीलिंग आहे."

"यावर आयएसआय चिन्ह आहे का?" मी विचारले. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना ते बंधनकारक आहे, आणि लहान मुलाच्या हाती जाणाऱ्या वस्तूबद्दल विचारण्यासारखा प्रश्न असेल तर तो हाच.

"गर्ल्सचंच आहे सर!" असे म्हणून त्याने तो मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. "बघा, मामांना पण सूट झाला!" जमलेली मुले हसली, त्यांच्या आया हसल्या, आणि आमच्याच सोसायटीचे खजिनदार, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून माझे सहा महिने बोलणे नाही, तेही हसले.

या गुलाबीपणाला जणू वेदांचा आधार असावा अशा थाटात दुकाने बोलतात. परंतु 1918 साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना द्यावा असे सांगितले होते. त्याच देशात 1992 साली बोलणारी बार्बी निघाली आणि तिच्या बोलांत गणिताचा तास अवघड असतो, हेही होते. पुढल्या वर्षी काही खोडकर मंडळींनी बार्बी आणि खेळण्यातले सैनिक विकत आणून त्यांच्या पोटातली बोलकी यंत्रे एकमेकांत बदलली व ती खोकी गुपचूप दुकानांत परत नेऊन ठेवली. बार्बी सूड घेण्याच्या गर्जना करू लागली आणि सैनिक खरेदीला जाऊ या म्हणू लागला. भाची मोठी झाली की हे तिला सांगणार आहे; स्क्रू ड्रायव्हर चालवता येण्याचा इतका उदात्त उपयोग माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीतून आमच्या घरी लाकडी फळांची परडी आली होती. त्यातला आंबा माझा की बहिणीचा, यावरून आमच्यात रक्त निघेपर्यंत भांडण झाले. पण केळे बॉयचे आणि सीताफळ गर्लचे, असे विकणाऱ्याने सांगितल्याचे मला आठवत नाही. अर्थात मीही धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या वर्षी पुतण्याला बंदूक घेतली, तेव्हा त्याला काय आवडते हे मी विचारलेही नव्हते. त्याला स्वयंपाकाची भांडी हवी होती, हे वहिनींनी नंतर सांगितले.

"मला अवजारे हवी आहेत. पाना, पक्कड, हातोडी," मी मुकुट काढत म्हणालो.

"ते बॉईजमध्ये, सर. पण गर्ल्समध्ये पण टूल किट आहे!" त्याने गुलाबी पेटी उघडली. आत केस वाळवण्याचे यंत्र, कंगवा आणि नखे रंगवण्याची बाटली. "टूल्सच आहेत ना, सर?"

मी निळ्या रांगेकडे वळलो, तेव्हा त्याने माईक बंद केला. माईकविना त्याचा आवाज अगदी साधा, थोडा घोगराही होता. "सर, यातलंच एखादं घ्या ना. आज गर्ल्स सेक्शनचं टार्गेट आहे. सकाळपासून उभा आहे." एवढा वेळ ज्याच्यावर चिडलो होतो, त्याच्यावर नीट चिडायचीही सोय राहिली नाही. ते साबणाच्या पाण्याचे यंत्र घेतले. गुलाबी, 799 रुपयांचे, फीलिंगसकट. अवजारांची पेटीही घेतली. तिच्या झाकणावर हसणारा मुलगा होता आणि मागे त्याला टाळ्या वाजवणारी मुलगी.

पैसे देण्याच्या खिडकीपाशी भेटवस्तूंच्या दोन टोपल्या होत्या, एकीत मोटारी आणि दुसरीत केसांच्या पिना. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, "बॉय की गर्ल?"

आता मी सावध होतो. नपुंसकलिंग हाताशी असताना मघाशी ते सुचले कसे नाही, याचेच आश्चर्य वाटले. "मूल आहे," मी एकेक अक्षर तोलत म्हणालो. "पाच वर्षांचे आहे. घड्याळे उघडते."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे पेट आहे का सर? पेटला गिफ्ट नाही."