क्लब हलवावा कसा: नव्या अध्यक्षांच्या हिताच्या चार गोष्टी

अध्यक्षमहोदय, अभिनंदन! मेलबर्नच्या एका उपनगरातला शंभरी ओलांडलेला फुटी क्लब आता तुमच्या हाती आला आहे. फुटी म्हणजे लंबगोल चेंडूचा, अठरा-अठरा गड्यांचा, बिनबाह्यांच्या जर्सीतला ऑस्ट्रेलियन खेळ, एवढं कळलं तरी पुरे. नियम शिकणं हे अध्यक्षाचं काम नव्हे. तुमचं काम एकच: क्लब त्याच्या गावातून उचलायचा, आणि असा उचलायचा की गावाने वर्गणी मात्र भरत राहावं.

सुरुवात मैदानापासून करा. पत्रे गळतात, मुतारीला रांग लागते, गाड्या लावायला जागा नाही, हे दर सभेत बोला. मग 'तात्पुरती सोय' हा शब्द काढा. पुनर्विकासात घर दिलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. फिट्झरॉय क्लब 1966 च्या मोसमानंतर ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावरून असाच बाहेर पडला. प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क आणि शेवटी फूटस्क्रेचं वेस्टर्न ओव्हल. तीस वर्षं ट्रान्झिट कॅम्प, आणि जंक्शन ओव्हल सोडलं तर दर ठिकाणी घरमालक म्हणजे मैदानात ज्याच्याशी भिडायचं तोच. 1996 मध्ये कर्जापायी प्रशासक आला. कर्ज कुणाचं? प्रशांत महासागरातल्या नाउरू नावाच्या ठिपक्याएवढ्या देशाचं. शेवटचा सामना 1 सप्टेंबरला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थमध्ये झाला. त्यानंतर जे उरलं ते ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन. तात्पुरती सोय अशी शेवटपर्यंत न्यावी.

सभेत एखादे आजोबा 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत उठतील. त्यांना एसेंडनचं उदाहरण द्या. नाव एसेंडन, पण हा क्लब जवळजवळ चाळीस वर्षं ईस्ट मेलबर्नमध्ये खेळला. रेल्वेला यार्डासाठी ते मैदान हवं झालं, म्हणून 1922 साली स्वारी एसेंडनला आली. आता सराव विमानतळाशेजारी टुलामरीनला चालतो. आजोबा खाली बसतील. (बसले नाहीत तर चहाची वेळ झाल्याचं जाहीर करा.)

मग नाव. नावातून गाव काढायचं आणि जनावर ठेवायचं. 1996 चा मोसम संपला आणि फूटस्क्रेचे 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाले. पश्चिम कशाच्या, हे कुणी विचारू नये. पर्थला खेळायला गेले की तेच पूर्वेचे होतात. नॉर्थ मेलबर्नने 1999 पासून नुसतं 'कांगारूज' म्हणवून घेतलं आणि 2008 मध्ये गाव परत लावलं. हे कच खाणं झालं, तुम्ही खाऊ नका. ब्रिस्बेनच्या पहिल्या क्लबाचं धाडस बघा. नाव 'ब्रिस्बेन बेअर्स', 1987 ला सुरुवात झाली ती ब्रिस्बेन सोडून गोल्ड कोस्टवर, आणि जर्सीवर अस्वल म्हणून कोआला, जो अस्वलच नव्हे. गाव नाही, अस्वल नाही, तरी क्लब चालला. मैदानाच्या पाटीचाही विचार फार करू नका. डॉकलंड्सचं स्टेडियम 2000 साली उघडलं तेव्हा कलोनियल होतं, मग टेलस्ट्रा डोम, मग एतिहाद, आता मार्वल. बारसं दर काही वर्षांनी, आणि घुगऱ्या प्रायोजकाच्या.

गाव फारच हट्टी निघालं तर सरळ लग्न लावून द्या, लांबच्या शहरात. साउथ मेलबर्न क्लबाला 1982 मध्ये सिडनीला दिलं. 'साउथ साउथमध्येच राहू द्या' म्हणणाऱ्यांनी आदल्या वर्षी कार्यकारिणीच ताब्यात घेतली होती, पण खेळाडूंचे पैसे थकलेले. त्यांना स्थळ पसंत पडलं. तांदळात नवं नाव लिहिलं गेलं: सिडनी स्वान्स. 2005 साली चषक मिळाला, बहात्तर वर्षांनी. आजही त्यांच्या जर्सीवर मानेमागे बारीक अक्षरांत 'एसएमएफसी', म्हणजे साउथ मेलबर्न फुटबॉल क्लब, लिहिलेलं असतं. माहेरचं नाव, घालणाऱ्याला स्वतःला दिसणार नाही अशा जागी. यापेक्षा सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

खेड्यापाड्यात मुलं शहराकडे गेल्यावर दोन-तीन गावांचे क्लब एक होतात आणि नावं आडव्या रेघांनी जोडतात: रँड-वॉलबंड्री-वॉला. तिथे कुणीच गाव सोडायला तयार नसतं, म्हणून रेघा वाढतात. तुम्ही त्या फंदात पडू नका, नाव फलकावर मावत नाही.

एका वस्तूपासून मात्र लांब राहा: वेल्क्रो. सप्टेंबर 1996 मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न या दोन क्लबांचा एकच 'मेलबर्न हॉक्स' करायचा घाट घातला होता. हॉथॉर्नच्या सभासदांची सभा कॅम्बरवेलला भरली. जुने कप्तान डॉन स्कॉट यांनी नियोजित जर्सी हातात धरली आणि तिच्यावरचा ससाणा धरून ओढला. चर्र! ससाणा हातात आला आणि खाली उरली ती मेलबर्नची जर्सी. मेलबर्नच्या सभासदांनी ठराव मंजूर केला होता, हॉथॉर्नच्यांनी पाडला. सगळी आकडेमोड त्या एका आवाजात गेली. म्हणून म्हणतो, ससाणा शिवून घ्या. नाहीतरी हॉथॉर्नमध्ये 1973 नंतर घरचा सामना झालेला नाही, आणि 2001 पासून काही 'घरचे' सामने समुद्र ओलांडून टास्मानियात होतात. जे काम ठरावाने होत नाही, ते वेळापत्रकाने होतं.

नवे सभासद मेलबर्नच्या पश्चिमेच्या उपनगरांत, टार्नेट, पॉइंट कुककडे शोधा. आपली मराठी मंडळी तिकडे बरीच आहेत, जुनं काही ठाऊक नसतं, नावाला हरकत घेणार नाहीत. फक्त एक धोका आहे. तीन पिढ्या डोंबिवलीत काढूनही 'मूळचे आम्ही राजापूरचे' म्हणणारी ही माणसं. फिट्झरॉयच्या एखाद्या म्हाताऱ्याशेजारी त्यांना बसवलंत तर दोघांचं दहा मिनिटांत जमेल.

आणि अकरा नंबरच्या ट्रामने ब्रन्सविक स्ट्रीटच्या टोकाला जाणं टाळा. तिथे 1888 चा लाकडी स्टँड अजून उभा आहे. तुम्ही ज्याला विलीन झालेला समजता तो फिट्झरॉय क्लब 2009 पासून तिथेच, हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत, बिनपैशाचा खेळतो आहे. चुकून उतरलातच तर अध्यक्ष असल्याचं सांगू नका. वर्गणीची पावती फाडल्याशिवाय सोडणार नाहीत.