कोनाले बंदी हाये काय?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर चिखलदऱ्याच्या सायकल रॅलीचे फोटो आले. हेल्मेटवाले सगळे अमरावती-नागपूरचे, काही पुण्याचे. पाणी वाटायला उभी असलेली पोरं तिथल्या कोरकू आदिवासींची. चालवणाऱ्यांत मेळघाटातलं एकही पोरगं का नाही, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, "सायकल कोनाची जात पाह्यते काय बे? तुह्या अमेरिकेतलं काळं-गोरं इकडं आनू नोको. कोनाले बंदी हाये काय?"

बंदी तर मी राहतो त्या अमेरिकेतल्या बेंटनव्हिललाही नाही. हे गाव स्वतःला माउंटन बायकिंगची जागतिक राजधानी म्हणवतं. वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाच्या पैशातून ओझार्कच्या टेकड्यांवर ट्रेल्सचं, म्हणजे सायकलच्या जंगलवाटांचं, जाळं झालं. तिकीट नाही, फाटक नाही. आमच्या गल्लीत तेलुगू, तमिळ, मराठी घरं आहेत. तरी शनिवारी कोलर नावाच्या ट्रेल्सच्या पार्किंगमध्ये बहुतेक गोरेच दिसतात, आणि काळा माणूस तर क्वचितच.

पैसा हे एक कारण आहेच. पुढं-मागं शॉक असलेली बरी फुल सस्पेन्शन सायकल काही हजार डॉलरची, वर पॅड आणि गाडीमागे सायकल अडकवायचा हिच रॅक. पण आमच्या गल्लीत पैसा आहे, तरी आम्ही जात नाही. कारण हा खेळ बाप शिकवतो, नाहीतर शेजारी. उतारावर वजन कुठं टाकायचं, ब्रेकवर एकच बोट का ठेवायचं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. मी पहिल्यांदा दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या मुलानं काही न विचारता मला साध्या रस्त्यावरच्या हायब्रीड सायकलींकडे नेलं. बोलायला गोड होता. मी ट्रेलवर जाणारा असेन, हे त्याच्या मनातच आलं नाही.

इथं कधीकाळी लेखी बंदीही होती. १८९४ साली लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या सायकलस्वारांच्या संघटनेनं काळ्यांना सदस्यत्व नाकारलं. तरी मेजर टेलर हा काळा सायकलपटू १८९९ मध्ये माँट्रियलला जगज्जेता झाला. तो ठराव रीतसर मागे घ्यायला १९९९ उजाडलं. पण निदान इथं यावर उघड बोललं जातं. शाळकरी मुलांच्या नायका लीगमध्ये कुणाला बाकावर बसवत नाहीत, आणि माझ्या मुलाला कोचनंच फोन करून बोलावलं, सायकलही दिली. आपल्याकडे असा फोन कोण कुणाला करतो?

जात आणि वंश एक नाहीत, कळतं मला. पण मेळघाटातले चढउतार कोरकू पोराच्या रोजच्या पायाखालचे. घरात सायकल असली, तर बहुधा बहिणीला शाळेसाठी सरकारातून मिळालेली. ती मोडली, तर दुरुस्तीला धारणी नाहीतर परतवाडा गाठायचा. जंगलातली काही गावं तर व्याघ्र प्रकल्पासाठी उठवून अकोटकडे नेली. ज्याच्या बापाला त्या जंगलातून उठवलं, त्याला त्याच जंगलाच्या काठावर रॅली भरवून "ये ना, कोण अडवतं" म्हणायचं? मला हे सहन होत नाही.

"तू तिकडं बसून शिकवतो" हेही ऐकलं. मग इकडचं ऐका. इतकी वर्षं झाली, तरी ट्रेलच्या तोंडाशी कुणीतरी प्रेमानं विचारतंच, "फर्स्ट टाइम?" मी हसतो आणि दिवसभर ते मनात राहतं. आमच्या संत्र्याच्या बागेत कोरकू मजूर यायचे; त्यांची पोरं बांधावर बसलेली असायची, आम्ही आत खेळायचो. तेव्हाही बंदी कुणाला नव्हती. आज मी चिखलदऱ्याला आलो, तर न सराव करता "अमेरिकेहून आले" म्हणून मला पहिल्या रांगेत उभं कराल. माझं गाव कोणतं, हे मलाच नीट सांगता येत नाही, तरी तिथली पहिली रांग माझी.

रॅलीचे आयोजक ग्रुपवरच आहेत, म्हणून इथंच मागतो. पुढची नावनोंदणी धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळांत जाऊन करा. मार्ग तिथल्या पोरांना आखू द्या आणि त्याचे पैसे त्यांना द्या. सायकलींचा खर्च मी करतो.